क्यूआर तुमच्या टपरीवर, पैसे कोणाच्या खात्यात?



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाचा क्यूआर कसा काढायचा ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा धडा. खरं तर हा धडा आधी घ्यायला हवा होता, पण मलाच तो उशिरा सुचला. एका मक्याच्या कणसामुळे सुचला.

आमच्या चिंचोटीला पावसाळ्यात धबधब्यासाठी मुंबईहून पोरंपोरी येतात. फाट्यापासून आत जाणाऱ्या वाटेवर एक मावशी शेगडी घेऊन बसतात. चाळीस रुपयाला भाजलेलं कणीस, लिंबू-मीठ-तिखट लावून. छत्रीच्या दांड्याला प्लास्टिकमध्ये घातलेला क्यूआर बांधलेला. मी दोन कणसं घेतली, स्कॅन केलं, तर स्क्रीनवर एका पुरुषाचं नाव आलं.

"मावशी, हे कोणाचं नाव?"

"पुतण्याचं. माझ्याकडं साधा फोन हाय ना. तो देतो पैसे संध्याकाळी."

"आज किती झाले?"

"तो सांगल ना."

हे "तो सांगल" माझ्या डोक्यातून दोन दिवस गेलं नाही. बघा, गिऱ्हाईकाच्या दृष्टीने मावशींचा धंदा शंभर टक्के डिजिटल आहे. पण स्वतःच्या धंद्यात आज किती आले हे विचारायला त्यांना दुसऱ्याची वाट बघावी लागते. पुतण्या चांगला मुलगा आहे, एक रुपया खात नाही, हे मी आधीच सांगते. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नव्हताच. तीन पावसाळे मावशींनी धूर खाल्ला, आणि त्याची जेवढी काही कागदावर नोंद झाली ती सगळी पुतण्याच्या नावावर जमा आहे.

हसू नका, मी स्वतः हेच केलंय. फाट्यावर माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान सुरू झालं तेव्हा क्यूआर मिस्टरांच्या नंबरवर काढला. त्यांचं खातं तयार होतं, माझ्या खात्याचं केवायसी राहिलं होतं, म्हणून "सध्या हेच वापरू" असं ठरलं. ते "सध्या" दोन वर्षं चाललं. त्याच खात्यात त्यांचा पगार, त्यातूनच गाडीचा हप्ता, गॅस, मुलीची फी आणि माझ्या दुकानाचे दहा-दहा, वीस-वीस रुपये. मग मला मोठं झेरॉक्स मशीन घ्यायचं होतं, दीड लाखाचं. बँकेत गेले. साहेबांनी कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "मॅडम, यात तुमचा व्यवसाय कुठे दिसतोय?"

बीबीए झालेली बाई मी. परीक्षेत ताळेबंद जुळवलेत. पण त्या टेबलासमोर माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. कर्ज मिळालं नाही. शेवटी दीड लाखाची भिशी बोलीत उचलली, बावीस हजार सोडून. हातात आले एक लाख अठ्ठावीस हजार, आणि भरायचे मात्र पूर्ण दीड लाख. नोंद चुकीच्या नावावर असल्याची ती माझी फी.

मशीन आलं म्हणजे गाव डिजिटल झालं का?

थोडं मागे जाऊ. आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात धसई नावाचं गाव आहे. नोटाबंदी झाली ८ नोव्हेंबर २०१६ ला आणि १ डिसेंबर २०१६ ला धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड स्वाइप करायची मशीनं दिली, मंत्री आले, टीव्हीवाले आले. हेतू चांगलाच होता. पण नोटा परत बाजारात आल्या तशी बरीच देवघेव पुन्हा रोखीवर गेली.

कारणं आपल्यासारख्या दुकानदाराला लगेच कळतील. कार्ड मशीनला व्यवहारामागे बँकेचा आकार असतो. मशीनला लाइन आणि रेंज लागते. पैसे खात्यात यायला वेळ जातो, आणि होलसेलवाला तर सकाळी टेम्पोतून माल उतरवतानाच रोख मागतो. वीस रुपयाच्या वस्तूसाठी एवढं सगळं कोण करणार?

आता दुसरी बाजू बघा. यूपीआयची सुरुवात मुंबईत ११ एप्रिल २०१६ ला, म्हणजे नोटाबंदीच्या सात महिने आधी, तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते झाली. त्या दिवशी आमच्या फाट्यावर कोणाला पत्ताही नव्हता. ऑगस्टमध्ये बँकांची अॅप आली, सप्टेंबरमध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून आकार घेणं बंद झालं. मशीन नाही, एक छापील कागद. आमच्या नाक्यावर यूपीआयचं उद्घाटन कोणीच केलं नाही. शेजारच्या चहावाल्याने लावला म्हणून पानवाल्याने लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरात एका महिन्यात पहिल्यांदाच २,००० कोटींच्या वर यूपीआय व्यवहार झाले.

केनियातही असंच झालं. तिथे २००७ साली एम-पेसा आलं, तेव्हा लोकांकडे साधेच फोन होते. कोपऱ्यावरचा दुकानदार एजंट झाला. तो रोख घेऊन गिऱ्हाईकाच्या फोनमध्ये पैसे जमा करायचा आणि उलटही. लोक शिकले ते त्या दुकानदाराकडून, कुठल्या शिबिरात बसून नाही. म्हणून मी क्लासमध्ये सांगते, तुमच्या गल्लीतला तो दुकानदार तुम्ही आहात. पण आधी स्वतःला यायला हवं.

आणि "येणं" म्हणजे स्कॅनर लावणं नाही. आपल्या धंद्याचा पैसा आपल्या नावाने येतो का, आणि रात्री आपल्याला तो मोजता येतो का, एवढंच मी बघते.

नाव बदलायचं कसं

क्यूआर दुसऱ्याच्या खात्यावर असेल तर या आठवड्यात बदला. स्वतःचं कुठलंही बचत खातं चालेल, जनधनचंही. पहिलं काम, त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तपासा. माझ्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्या दहापैकी तीन-चार जणांचा नंबर बंद पडलेला असतो. कोणा भावाचा, कोणा सोडून गेलेल्या शेजाऱ्याचा. नंबर बदलायला आधार आणि पासबुक घेऊन शाखेतच जावं लागतं, आणि एका फेरीत होईल असं समजू नका.

दुसरं, दुकानाचं खातं आणि घरचं खातं वेगळं. चालू खातं लगेच नको असेल तर निदान दुसरं बचत खातं ठेवा आणि धंदा वाढला की चालू खात्यावर जा. चालू खात्यासाठी व्यवसायाचा पुरावा मागतात, तिथे उद्यम नोंदणी कामाला येते. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती पूर्णपणे मोफत आहे. आधार, पॅन, वीस मिनिटं. पत्ता नीट वाचा, शेवटी "डॉट गव्ह डॉट इन" असलंच पाहिजे. सरकारी वाटणाऱ्या खासगी साइटवर पंधराशे-दोन हजार भरून आलेले लोक मला महिन्यातून दोन-तीन तरी भेटतात. त्यांचं सर्टिफिकेट खरंच निघालेलं असतं, त्यामुळे आपण फसलो हेही त्यांना कळत नाही.

तिसरं, स्मार्टफोन नाही म्हणून अडून बसू नका. पैसे घ्यायला तो लागतच नाही. क्यूआर छापील असतो, आणि "चाळीस रुपये प्राप्त झाले" बोलणाऱ्या साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिम असतं. त्याला महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे रुपये भाडं पडतं. घेताना विचारून घ्या, कारण माणूस "फ्री आहे" म्हणून देऊन जातो आणि दुसऱ्या महिन्यापासून कापायला लागतो. पैसे पाठवायलाही साध्या फोनवरची १२३पे ही सोय मार्च २०२२ पासून आहे.

रात्रीचा मेळ

हा भाग नीट वाचा, इथे घाई नको. अॅप, सॉफ्टवेअर काही नको, दहा रुपयांची वही पुरे.

समजा सकाळी गल्ल्यात १,००० रुपये सुट्टे ठेवले. रात्री मोजले तर ३,६५० निघाले. दिवसभरात गल्ल्यातूनच चहा, टेम्पो, कागदाचं रीम असे ४०० दिले. मग रोख विक्री किती? ३,६५० अधिक ४००, वजा १,०००. म्हणजे ३,०५०. यूपीआयवर २,८४० आले. उधारीवर ३१० चा माल गेला. एकूण विक्री ६,२००. बस, एवढंच.

पण लोक दोन ठिकाणी चुकतात. गल्ल्यातून दिलेले पैसे लिहीत नाहीत, मग रोख कमी दिसते आणि घरात उगाच एकमेकांवर संशय. आणि दुसरं, यूपीआयचा आकडा अॅपवरून घेतात, बँकेतून नाही. काही कंपन्यांचे पैसे दुसऱ्या दिवशी एकत्र जमा होतात. अॅपवर कालचे २,८४० आणि बँकेत आज २,८४०, हे दोन्ही जुळलं की मगच त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायची. माझ्याकडे एकदा सलग चार दिवस जमा झाले नव्हते. वही नसती तर महिनाभर कळलं नसतं.

तीन महिने असा मेळ लिहिल्यावर मला माझंच दुकान नव्याने कळलं. मला वाटायचं रिचार्जवर दुकान चालतं, कारण सगळ्यात मोठे आकडे तिथे. प्रत्यक्षात शंभर रुपयांमागे दोन-तीन रुपये सुटायचे, आणि तेवढ्यासाठी काउंटरवर रांग. ती रांग बघून कॉलेजची पोरं झेरॉक्स न काढताच पुढच्या दुकानात जायची. मी संध्याकाळी पाच ते सात रिचार्ज बंद केलं. मिस्टर म्हणाले, "येणारं गिऱ्हाईक घालवतेस." पहिला महिना मलाही तसंच वाटलं.

"पण मॅडम, टॅक्सवाले येतील ना?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो आणि जुलै २०२५ नंतर तर जास्तच. बंगळुरूमध्ये यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. दुकानांवर "फक्त रोख" असे बोर्ड लागले. पुढे तिथल्या सरकारने जुनी थकबाकी मागणार नाही, पण नोंदणी करा, असं सांगितलं.

यातून आपण काय घ्यायचं? कायदा उलाढाल बघतो, पैसे कशाने घेतले ते नाही. वर्षाची उलाढाल मालाच्या विक्रीत ४० लाखांच्या वर किंवा सेवेत २० लाखांच्या वर गेली की आपल्या राज्यात नोंदणी करावी लागते. माझ्यासारखं सेवा आणि माल दोन्ही असणाऱ्याने २० लाखच धरून चालावं. फक्त ताजी भाजी, सुटं दूध असा करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. पण तेच जर तुमच्या एका खात्यात दुकानाची विक्री, भिशी, बहिणीने परत केलेले पैसे आणि मिस्टरांचा पगार सगळं पडत असेल, तर बाहेरच्या माणसाला ती सगळी विक्रीच दिसणार. मग एकेका ओळीचा खुलासा करत बसा. म्हणून खातं वेगळं.

डिजिटलचा एक फायदाही आहे, तो कोणी सांगत नाही. दोन कोटींपर्यंतच्या छोट्या व्यावसायिकाला आयकरात अंदाजाने नफा धरायची सोय आहे. रोखीच्या विक्रीवर कमीत कमी ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के. १८ लाखांची विक्री सगळी रोख असेल तर नफा धरला जातो १,४४,०००, आणि सगळी डिजिटल असेल तर १,०८,०००. तुमच्या केसमध्ये काय बसतं ते सीएला विचारा, पण विचारा तरी.

फसवणूक, आणि रेंज

यावर वेगळा व्हिडिओ आहे, म्हणून थोडक्यात. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खोटी स्क्रीन दाखवणारी अॅप आहेत, त्यामुळे साउंडबॉक्स बोलला किंवा बँकेचा मेसेज आला तरच माल द्यायचा. पैसे घेताना पिन कधीच टाकायचा नसतो. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा, उद्यावर टाकू नका.

एक गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत असते. चोरीचे पैसे फिरत फिरत तुमच्याकडे आले तर तुमच्या खात्यावरही रोक लागू शकते. माझ्याकडे कोणीतरी ८५० रुपयांच्या प्रिंट काढून गेला, आणि वीस दिवसांनी माझं खातं अकरा दिवस अडकलं. बिलाची कार्बन कॉपी होती म्हणून सुटलं. तोपर्यंत घर चाललं, कारण घरचं खातं वेगळं झालं होतं.

एकाच कंपनीवर विसंबू नका. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा ज्यांचे पैसे त्याच बँकेत जमा होत होते त्यांना १५ मार्चच्या आत खातं बदलायची धावपळ करावी लागली. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला तर यूपीआयच देशभर अडखळलं. दोन वेगळे क्यूआर ठेवा, साउंडबॉक्सचं सिम तुमच्या फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचं घ्या, आणि गल्ल्यात सुट्टे ठेवा. रोख ही लाजायची गोष्ट नाही.

मावशींचं पुढे काय झालं

मावशींना मी सांगितलं, खातं तुमच्या नावाने करू. त्यांना पटलं. पुतण्याला नाही. "काकी, माझ्यावर भरवसा नाय का?" असं म्हणून तो दोन दिवस बोलला नाही. घरात असंच होतं. क्यूआर बदलणं हे पाच मिनिटांचं काम, पण त्याच्यामागे माणसं असतात. मुलगा, नवरा, दीर, पुतण्या. तुम्हालाही हे ऐकावं लागेल.

मी त्याला दुकानात बोलावलं आणि त्याच्याच मोबाइलवर खात्याचं स्टेटमेंट उघडायला लावलं. म्हटलं, "हे सगळे चाळीस-चाळीस रुपये तुझ्या नावावर आलेत. उद्या कोणी विचारलं तर खुलासा कोण करणार? यातला एखादा चाळीस रुपया चोरीचा निघाला आणि खातं अडकलं, तर तुझा गोडाऊनचा पगारही याच खात्यात येतो ना?" तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तोच काकीला बाइकवर बसवून बँकेत घेऊन गेला.

जनधन खातं होतंच, नंबर जुना होता. दोन फेऱ्या, अर्धा-अर्धा दिवस. ते दोन दिवस शेगडी बंद, आणि मावशींचा सीझन म्हणजे मोजके आठवडे. वर धबधब्यावर अपघात झाले की बंदीचा आदेश निघतो, मग पोलीस फाट्यावरूनच लोकांना परत पाठवतात आणि कणसं तशीच राहतात. त्यांना हे दोन दिवस किती महाग पडले ते मला माहीत आहे, म्हणून तुम्हाला सांगते, हे काम सीझनच्या आधी उरका.

आता त्यांच्या नावाने जमा व्हायला लागलंय. पुढचं काम फेरीवाला म्हणून ओळखपत्र किंवा शिफारसपत्र मिळवायचं. १ जून २०२० ला सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत आधी दहा हजारांचं पहिलं कर्ज मिळायचं, ऑगस्ट २०२५ मध्ये ते पंधरा हजार केलं. वेळेवर फेडलं तर पंचवीस हजार, मग पन्नास हजार. व्याजात सात टक्क्यांची सवलत, आणि डिजिटल व्यवहार केले तर कॅशबॅक. मिळेलच अशी खात्री मी देत नाही. पण आता निदान अर्जासोबत त्यांचं स्वतःचं पासबुक लागेल.

राहिला रात्रीचा मेळ. मावशींना लिहिता येत नाही, पण हिशोबाला पक्क्या आहेत. वहीचं काय करायचं हा विचार मी करत बसले होते, त्यांनी स्वतःच तोड काढली. बिस्किटाच्या डब्यात चिंचोके. रोखीचं कणीस गेलं की काही नाही, स्कॅन करून गेलं की कणसामागे एक चिंचोका डब्यात. संध्याकाळी चिंचोके मोजायचे, पुतण्या बँकेच्या मेसेजची बेरीज वाचून दाखवतो.

पहिल्या रविवारी डब्यात ५३ चिंचोके निघाले. म्हणजे २,१२० रुपये यायला हवे होते. पुतण्याने दोनदा बेरीज केली, आले होते २,०४०. तो म्हणाला, काकी, तू जास्तीचे टाकलेस.

मावशी म्हणाल्या, "नाय. दोन कणसं. तो लाल टोपीवाला, डबा बोलायच्या आधीच मोबाइल दाखवून पळाला तो."